सोन्याच्या पिंजऱ्यातली चिमणी

भुकेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण ती घरात दाणा नसल्याची भूक. भरल्या दस्तरखानाशी बसून घास नाकारणारी मुलगी आमच्या वाचनात क्वचितच आली. म्हणून हिल्डे ब्रुख यांचे ‘द गोल्डन केज’ (१९७८) आम्हांला आजही महत्त्वाचे वाटते.

ब्रुख या जर्मनीत जन्मलेल्या ज्यू डॉक्टर. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ सालीच त्यांनी देश सोडला आणि पुढे अमेरिकेत, ह्यूस्टन येथे, मनोविकारांवर काम केले. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ या आजारावर त्यांनी हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी लिहिले. हाडांचा सापळा उरला तरी रोग्याला आपण लठ्ठच आहोत असे वाटते, असा हा आजार. मनोविकारांत सर्वाधिक बळी घेणाऱ्यांपैकी एक. पुस्तकाचे नाव एका रुग्ण मुलीच्या बोलण्यातून आले. श्रीमंत घरात आपण सोन्याच्या पिंजऱ्यातली साधी चिमणी आहोत, असे तिला वाटे. तिची तक्रार केवळ गजांबद्दल नाही, हे ध्यानात घ्यावे. एवढ्या सोन्याला आपण लायक नाही, हेही तिचे दुखणे आहे.

ब्रुख यांनी दाखवलेल्या मुली गुणी आहेत. कधी उलट उत्तर न देणाऱ्या, वर्गात पहिल्या येणाऱ्या. स्वतःची म्हणावी अशी एकच सत्ता त्यांच्याकडे उरते, ती आपल्या पोटावरची. मग डॉक्टरही ‘तुझ्या मनात काय आहे ते मी सांगतो’ म्हणू लागला, तर घराने केले तेच तो करतो. ब्रुख यांचा उपाय वेगळा : डॉक्टरने आपल्याला ठाऊक नाही असे धरून ऐकावे. पण ही करुणा भाबडी नाही. उपासाने खंगलेल्या मेंदूशी मनाच्या गोष्टी करता येत नाहीत, आधी वजन थोडे सावरले पाहिजे, हेही त्या ठामपणे सांगतात.

एका ठिकाणी मात्र आमचा मतभेद आहे. आयांवर त्यांनी फार भार टाकला. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे पुढील संशोधनाने दाखवले. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीने तर आईबापांनाच उपचारात सहकारी केले. शिवाय हा आजार श्रीमंतांचाच नाही, मुलींचाच नाही.

ब्रिटनमधील पॉल गिल्बर्ट यांची करुणाकेंद्री उपचारपद्धती, जी केन गॉस यांनी खाण्याच्या विकारांसाठी घडवली, ती आणखी पुढे जाते. डॉक्टरची माया पुरत नाही. रोग्याच्या आत बसलेला, सतत लाज वाटायला लावणारा काझी शांत व्हावा लागतो. आपल्याच जिवावर दया करणे, हे या लोकांना सर्वांत अवघड जाते.

आमच्या घरांत याची खूण पटणे आणखी कठीण. नफिल रोजे धरणाऱ्या, इफ्तारला खजूर-पाण्यावर उठणाऱ्या मुलीचे कौतुकच होते, आणि पुष्कळदा ते योग्यही असते. कुराणाने आजाऱ्याला रोजातून सूट दिली आहे. पण सूट घ्यायला आधी आजार मानला पाहिजे, आणि ही मुलगी तर ‘मला काही झालेले नाही’ म्हणणार. तिला दटावायचे, की तिच्याजवळ बसून ती काय सांगते ते ऐकायचे, हा प्रश्न रमजानात कुठल्यातरी स्वयंपाकघरात आईसमोर येतोच, बहुधा सहरीच्या वेळी.