वेशीबाहेर गेलेली कादंबरी

किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ साली आली. कुशंक पुरंदरेची ही तुटक, काळाचा क्रम झुगारणारी कहाणी शुभा स्ली यांनी इंग्रजीत नेली आणि १९८० साली ती छापली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रकाशनाने. मराठी कादंबरीने इतक्या लवकर इतका लांबचा पल्ला गाठावा, हे तेव्हा दुर्मीळच होतं. पुढे नगरकरांनी मराठीत सुरू केलेली ‘रावण आणि एडी’ इंग्रजीत पूर्ण केली आणि मराठीतले अनेकजण त्यांच्यावर रुसले. त्या रुसव्यात एक गोष्ट पाहायची राहून गेली: जगात जाण्याची वाट त्यांना कोणी आणि कशी करून दिली?

त्यांच्या ‘ककोल्ड’चंच उदाहरण घ्या. मीरेच्या नवऱ्याची, मेवाडच्या महाराजकुमाराची ही कादंबरी १९९७ साली आली आणि २००० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी नाव बायकोने फसवलेल्या नवऱ्याचं. रेखा सबनीसांच्या मराठी अनुवादाचं नाव ‘प्रतिस्पर्धी’. म्हणजे नजर नवऱ्यावरून उचलून थेट कृष्णावर. जर्मनमध्ये ती झाली ‘कृष्णाची कुजबुज’. गोष्ट तीच, माणसं तीच, पण प्रत्येक भाषेने त्रिकोणाच्या वेगळ्या कोपऱ्यात उभं राहून तिच्याकडे पाहिलं. अनुवादकाचं काम शब्द बदलण्यापुरतं नसतं, हे सांगायला या तीन मुखपृष्ठांपेक्षा चांगला पुरावा नाही.

जर्मनीने नगरकरांना मनापासून वाचलं. तिथे पुस्तकवाचनाचे कार्यक्रम तिकीट लावून होतात. लेखक आपल्या भाषेत पान-दोन पानं वाचतो, मग एखादा नट जर्मन अनुवाद वाचतो आणि लोक तास-दीड तास शांत ऐकतात. २००६ साली भारत दुसऱ्यांदा फ्रांकफुर्ट पुस्तकमेळ्याचा सन्माननीय पाहुणा होता. त्याच वर्षी नगरकरांची ‘गॉड्स लिटल सोल्जर’ तिथे जर्मनमध्ये गाजली, भारतात मात्र तिचं स्वागत थंडच झालं. पुढे जर्मन सरकारने ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ देऊन त्यांचा गौरव केला.

पण हे सारं इंग्रजीतून घडलं. केवळ मराठीत लिहिणाऱ्याला बहुधा दोन उंबरठे ओलांडावे लागतात: आधी इंग्रजी, मग बाकीचं जग.

याला अपवाद आहेत आणि ते एकेकट्या माणसांच्या निष्ठेने घडले आहेत. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. ते कादंबरी नव्हे, आत्मकथन. पण या प्रवासाचा हिशेब त्याच्याशिवाय पुरा होत नाही. पुण्यात राहिलेल्या गी पॉइटविन यांनी ते फ्रेंचमध्ये नेलं आणि १९९० साली फ्रेंच वाचकाच्या हाती पुस्तक पडलं. इंग्रजीत ते जेरी पिंटो यांनी आणलं २०१५ साली. मूळ पुस्तकानंतर ३७ वर्षांनी!

पिंटोंनीच सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ इंग्रजीत आणली. भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात आणि आपापला भाग स्वतः सांगतात. मराठीत ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ एवढ्यावरून बोलणारा कोण ते कळतं. इंग्रजी क्रियापद मात्र लिंग सांगतच नाही. मराठीत एका मात्रेत मावणारी ही ओळख इंग्रजीत स्वरातून, तपशिलातून उभी करावी लागते. असं काम करणाऱ्या माणसाचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापणं हा अन्यायच आहे.

आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराने हा अन्याय पैशात तरी दूर केला. ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या हिंदी ‘रेत समाधि’साठी डेझी रॉकवेल, तर २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांसाठी दीपा भास्ती त्यांच्या बरोबरीच्या मानकरी ठरल्या. शिवाय ‘रेत समाधि’ बुकरच्या आधीच आनी मोंतो यांच्या फ्रेंच अनुवादातून पॅरिसला पोहोचली होती. आधी अनुवादक भेटला, मग पुरस्कार, मग महोत्सवांची आमंत्रणं. हा क्रम उलटा चालत नाही. जयपूरच्या साहित्य महोत्सवाच्या मंडपात लेखकाची ओळख होते, टाळ्याही मिळतात. पण समोरच्या परदेशी प्रकाशकाने वाचायला अनुवादाची पानं मागितली, तर त्या क्षणी ती हातात असावी लागतात.

तमिळनाडू सरकारने हे ओळखलं. २०२३पासून चेन्नईत आंतरराष्ट्रीय पुस्तकमेळा भरतो, तमिळ पुस्तकांचे हक्क परदेशी जावेत म्हणून अनुवादाला अनुदान मिळतं. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. आता दरवर्षी दहा कादंबऱ्या निवडाव्यात, प्रत्येकीच्या पन्नास पानांचा उत्तम अनुवाद करवून घ्यावा, अनुवादकाला योग्य मोबदला द्यावा आणि ती पानं घेऊन ऑक्टोबरात फ्रांकफुर्ट गाठावं. मराठी शिकू पाहणाऱ्या जर्मन, फ्रेंच तरुणांना वर्षभर पुण्यात किंवा नागपुरात राहायची सोय करून द्यावी. पॉइटविन पुण्यात राहिले, म्हणून ‘बलुतं’ फ्रेंचमध्ये गेलं.