लेकरू कसं रडायलंय बघा!

आपल्याकडे बालकलाकाराला चांगला नट म्हणण्याची पद्धत नाही. त्याला 'गोड' म्हणतात. मोठ्या नटानं वाईट काम केलं तर घरी येईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. पण पोरानं वाईट काम केलं तरी ते गोड, आणि चांगलं केलं तरी नुसतंच गोड. एवढी सूट आपल्या समाजात एरवी फक्त नव्या जावयाला मिळते.

आमच्या उमरीला हा गोडवा जोखण्याचं काम कनातीपलीकडे, म्हणजे बायकांच्या बाजूला चाले. टुरिंग टॉकीजचा तंबू लागे, रिळांच्या पेट्या नांदेडहून रेल्वेनं उतरत, आणि मुंबईत जुना झालेला सिनेमा आमच्याकडे 'नवाकोरा' म्हणून लाऊडस्पीकरवरून गावभर फिरे. १९६८ सालचा 'राजा और रंक' असाच दोन-तीन वर्षांनी आला. राजपुत्र आणि भिकाऱ्याचं पोर यांची अदलाबदल. मूळ गोष्ट मार्क ट्वेनची. पण उमरीला ती कुणाची आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. कर्तव्य होतं ते त्या दोन्ही भूमिका करणाऱ्या एकाच मुलाशी. महेश कोठारे त्याचं नाव. मुंबईचं मराठी पोरगं, पण सिनेमा मद्रासच्या प्रसाद प्रॉडक्शन्सचा, त्यामुळे आमच्या मोंढ्यातल्या तेलुगू बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनी तो आपलाच म्हणून लगेच खात्यावर मांडून घेतला.

लताबाईंचं आईवरचं गाणं लागलं की कनात हलू लागे. "लेकरू कसं रडायलंय बघ गं माय!" एक म्हणे. दुसरी नाक पुसत विचारी, "याच्या मायनं याला जेवू घातलं असंल का?" पडद्यावर निरुपा रॉय डोळ्यांत पाणी आणून उभी, पण आमच्या बायकांचा तिच्यावर फारसा विश्वास नव्हता. त्यांना त्या पोराची खरी आई कोण आणि ती या वेळी कुठं आहे, हे हवं होतं.

कनातीच्या अलीकडे पुरुषांत निराळाच वाद. पोरं दोन की एक? सकाळी चहाच्या हॉटेलात दोन तट पडले. जुळी आहेत म्हणणाऱ्यांकडे बहुमत होतं. एकानं तर मद्रासकडे अशी जुळी 'मिळतात' असंही ठोकून दिलं. डबल रोल हा शब्द माहीत असलेले दोघंच, आणि त्यातला एक अंधारात रीळ फिरवणारा ऑपरेटर. त्याचं कोण ऐकणार?

आता तो सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा वाटलं, गावातला सगळ्यात खरा रसिक ऑपरेटरच होता. त्या काळचा डबल रोल म्हणजे कष्टाचं काम. कॅमेऱ्यासमोर अर्धी चौकट झाकायची, एका बाजूचं पात्र करून घ्यायचं. मग फिल्म मागं घ्यायची, दुसरी बाजू झाकायची आणि कपडे बदलून तोच नट पलीकडे उभा करायचा. म्हणजे नटानं बोलायचं ते हवेशी. समोर कुणी नाही, आणि तरी असल्यासारखं दचकायचं, हसायचं, उत्तराची वाट पाहायची. दिलीपकुमारनं १९६७ साली 'राम और श्याम'मध्ये दोन माणसं उभी केली आणि लोक आजही त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. पुढच्याच वर्षी एका शाळकरी मुलानं तोच उद्योग केला. त्याला आम्ही काय दिलं? गोड म्हटलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर त्यातला रंक राजापेक्षा दोन आणे सरस आहे. राजपुत्र जरा कॅलेंडरातला वाटतो. पण त्यात पोराचा दोष नाही. संवाद लिहिणाऱ्यानंही राजपुत्र कॅलेंडरातच पाहिलेला असणार. फाटक्या कपड्यात मात्र त्या मुलाचे खांदे मोकळे होतात, चाल बदलते, आणि जुळी आहेत म्हणणाऱ्यांना दोष देववत नाही.

मग आला १९७० चा 'घर घर की कहानी'. याचं परीक्षण आयांकडून बापांकडे गेलं. बलराज सहानी सचोटीचा नोकरदार. पोरांच्या मागण्या संपत नाहीत, म्हणून तो पगार थोरल्या मुलाच्या, म्हणजे महेशच्या हाती देतो आणि म्हणतो, चालव घर. पोरगा हिशेब करता करता शहाणा होतो. गावातल्या झाडून सगळ्या मास्तर-कारकुनांनी आपापल्या पोरांना पदरमोड करून हा सिनेमा दाखवला. आमच्या अण्णांनीही नेलं. परत येताना थोरला भाऊ म्हणाला, "अण्णा, मपल्याकडं द्या एक महिना पगार." अण्णा शांतपणे म्हणाले, "देतो की. माझ्याकडं आला की तुझ्याकडंच देतो." तो तीन महिने आला नव्हता.

आम्हा पोरांना तो महेश त्या वेळी फितूर वाटला. आज वाटतं, फितूर लेखक होता. बापाचं सगळं भाषण त्यानं मुलाच्या तोंडात कोंबलंय. पोरगं बापासारखं बोलू लागलं की आपण त्याला गुणी म्हणतो. त्यातल्या त्यात, पाकिटात उरलेले पैसे मोजताना तो गप्प बसतो तेवढा वेळ नट दिसतो.

त्याचा पहिला, १९६३ सालचा 'छोटा जवान', आमच्याकडे नुसत्या नावावर निकालात निघाला. उमरी म्हणजे मुक्तिसंग्रामात १९४८ साली निजामाची बँक हस्तगत केलेलं गाव. त्या मोहिमेत आपण होतो असं सांगणाऱ्यांची संख्या तोवर दरसाल वाढतच चालली होती. पारावर म्हणाले, "एवढ्याशा लेकराला जवान म्हणायलेत? कामून?" त्याच वर्षी राजाभाऊ परांजप्यांच्या 'हा माझा मार्ग एकला'मधून सचिन आला. त्याला पाहून पारावरच्यांनीही हात टेकले. तो तर जवान म्हणण्याइतकाही मोठा नव्हता.

इतकं हसून झाल्यावर एक गोष्ट घशात अडकते. डेझी इराणीला बहुधा मुलग्यांचीच कामं मिळत, आणि हा मुलगा नसून मुलगी आहे हे कळलं की आम्ही दुप्पट टाळ्या पिटत असू. २०१८ साली, साठी उलटल्यावर, तिनं सांगितलं की सहा वर्षांची असताना, बाहेरगावच्या चित्रीकरणात, सांभाळायला सोबत दिलेल्या माणसानंच तिच्यावर अत्याचार केला होता. पडद्यावर ती खिदळत होती, इकडे आम्हीही. जेवलंय का, कुणासोबत आहे, हे विचारणाऱ्या कनातीपलीकडच्या बायकांना आम्ही तेव्हा अडाणी म्हणत होतो.

आता परीक्षणाची तऱ्हाच पालटली आहे. माणूस पुढं कोण झाला ते ठाऊक असतं, म्हणून लहानपणीचा सिनेमा लोक उलटा वाचतात. महेश कोठारे वकील झाले, मग 'धूमधडाका' (१९८५), 'झपाटलेला' (१९९३) यांचे दिग्दर्शक झाले. माझा नातू फोनवर 'राजा और रंक' पाहताना पूर्ण वेळ हा पोरगा 'डॅम इट' कधी म्हणतो याची वाट पाहत होता. राजवाड्यात कुठंतरी तात्या विंचू निघेल, अशीही त्याला आशा होती. निघाला नाही, तेव्हा तो उठून गेला.

नात बसून राहिली. तिला डबल रोलची युक्ती सांगितली, तेव्हा तिनं चित्र थांबवून, बोटांनी मोठं करून दोन महेशांच्या मधली सांध्याची रेघ शोधायला घेतली. बराच वेळ शोधलं.

"म्हणजे आजोबा, याच्या समोर कुणीच नव्हतं?"

"कुणी नव्हतं."

"आणि दोनदा करायलावले त्याला? सकाळी एकदा, नंतर परत?"

"हो. कधी कधी पूर्ण दिवस जात असेल."

तिनं पुन्हा त्या थांबलेल्या चित्राकडे पाहिलं.

"मग त्या दिवशी याची शाळा नव्हती का?"