सायक्सचे मासे

कर्नल सायक्सने वेरूळच्या लेण्यांवर लिहिले, तसेच १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनेही प्रसिद्ध केली. या वर्णनांचा गुण मराठी कानाला लगेच कळतो. टोर खुद्री, स्पेराटा सींघाला या शास्त्रीय नावांतला दुसरा शब्द त्याने इथल्याच बोलीतून उचलला. सांगलीच्या बाजारात शिंगाळा पाहणाऱ्या मुलांना हे आम्ही शिक्षक सांगतो का?

उणीवही ठळक आहे. भर सगळा पर, खवले आणि लांबीवर. मासा कोणत्या डोहात राहतो, अंडी कधी घालतो, हे भोयांचे ज्ञान मागेच राहिले.

आणि ते पुरातत्त्वालाही हवे असते. कराडसारख्या जुन्या गावाच्या पांढरीत माशाचे हाड मिळाले, तर ते ओळखायला शेजारी आजच्या माशाचा, नावानिशी जपलेला सांगाडा लागतो. हाडावरून मासा कळला, तरच तेव्हाची नदी खोल होती की उथळ, याचा अंदाज बांधता येतो. आज कृष्णेत परका तिलापिया माजला आहे. सायक्सनेच नाव दिलेला, नाकाडावर टेंगूळ असलेला नुक्टा मात्र धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. तो गेल्यावर नवा सांगाडा आणायचा कोठून?