स्थलनामांचे इंग्रजी लेखन आणि उच्चार : शिरपूर जैनच्या निमित्ताने

स्थलनाम ही केवळ पत्त्याची खूण नसून त्या स्थळाच्या भाषिक इतिहासाचा तो सर्वांत लहान दस्तऐवज असतो. असे नाव परभाषेत जाते तेव्हा ते कसे लिहावे आणि कसे उच्चारावे, हा प्रश्न सर्वत्र उद्भवतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस हे नाव मूळचे स्पॅनिश. स्पॅनिश भाषकाच्या तोंडी ते 'लोस आंखेलेस' असे होते. तेथे लेखन स्पॅनिश आणि उच्चार इंग्रजी अशी तडजोड झाली. मराठी नावांच्या बाबतीत लिपीही बदलत असल्याने प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये त्याची नोंद 'सिरपूर' अशी आढळते. छत्तीसगडमधील लक्ष्मण मंदिराचे सिरपूर आणि वऱ्हाडातील हे तीर्थक्षेत्र यांची नावे त्यामुळे रोमन लिपीत एकरूप होतात. आज 'श' रोमन लेखनात परतला आहे. परंतु आता धुळे जिल्ह्यातील शिरपूरशी साम्य उरते आणि भेद दाखविण्याचे काम 'जैन' या पदावर येऊन पडते. शिरपूर ज्या तालुक्यात आहे, त्या मालेगावचेही असेच. बारामतीजवळचे माळेगाव व हे मालेगाव यांतील 'ळ' आणि 'ल' यांचा भेद प्रचलित रोमन लेखनात पूर्णपणे लोपतो.

इंग्रजांनी आपली नावे बिघडविली, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे. वाशिमचे इंग्रजी कागदपत्रांतील रूप 'बासिम'. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरच्या 'आइन-ए-अकबरी'तही वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून हेच 'ब'कारयुक्त नाव येते. म्हणजे इंग्रजांनी ते फारसी दप्तरातून उचलले. वसईचे 'बसीन' हे रूप पोर्तुगीज 'बासाईं'वरून आले. दोन्ही ठिकाणी इंग्रजी लेखनामागे मराठी उच्चार नाही, मध्यस्थ भाषेचा उच्चार आहे. दोष द्यायचा तर तो कानाला नव्हे, स्थानिक माणसाला न विचारता जुन्या कागदावर विसंबण्याच्या सवयीला द्यावा लागेल.

'मूळ रूप' ही कल्पनाही निर्विवाद नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म प्राकृतात 'वच्छोम' झाले आणि पुढे वाशिम झाले. लोकांच्या मुखात नाव बदलणे ही भाषेची स्वाभाविक गती होय. बाहेरून लादलेला बदल तिच्याहून वेगळा मानावा लागतो. म्हणून शुद्धतेचा निकष प्राचीनता हा नसून गावकऱ्यांचा आजचा उच्चार हा असला पाहिजे.

स्पेलिंग बदलल्याने उच्चार आपोआप सुधारतो, हीही भ्रामक समजूत आहे. 'पूना' जाऊन 'पुणे' आले, तरी केवळ इंग्रजी वाचनाची सवय असलेला परदेशी वाचक त्या चार अक्षरांतून 'प्यून' असा उच्चार काढू शकतो. 'ण' तर कोणत्याच रूपातून त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उच्चार कानाने शिकावा लागतो. मराठी भाषकही येथे निर्दोष नाही. 'मेहिको'ला तो इंग्रजीच्या द्वारे 'मेक्सिको' म्हणतो, आणि त्यात कोणाचा अवमान झाला असे त्याला वाटत नाही. अपेक्षा आणि आचरण यांतील ही विसंगती मान्य केली पाहिजे.

तात्पर्य, परभाषकाच्या उच्चारावर हक्क सांगण्यापेक्षा स्वतःच्या नोंदी नेमक्या ठेवणे अधिक फलदायी ठरेल. संशोधन लेखनात जुने रूप अवतरणात जसेच्या तसे ठेवून शेजारी आजचे नाव देवनागरीत द्यावे. इंग्रजी प्रबंधातही एकदा तरी देवनागरी रूप यावे. अन्यथा गॅझेटियरमधील 'सिरपूर' शोधणारा अभ्यासक शिरपूर जैनच्या वेशीपर्यंत पोहोचणारच नाही, आणि गावाच्या इतिहासाचा तेवढा भाग परक्या नावाखाली पडून राहील.