उत्तराआधीचे दिवस

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) धारवाडला इंग्रजी शिकवत आणि माणसांच्या गाठीभेटी शक्यतो टाळत. सुनीता देशपांडे यांच्याशी मात्र त्यांचा मनमोकळा पत्रव्यवहार होता. तो आपल्याला दोन वेगळ्या पुस्तकांत वाचायला मिळतो: जीएंची पत्रे ‘जी. एं.ची निवडक पत्रे’च्या पहिल्या खंडात, सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’मध्ये. एक पुस्तक हातात असताना दुसरा आवाज कल्पावा लागतो. ही गैरसोय मला मोलाची वाटते, कारण पत्र टाकून उत्तराची वाट पाहणाऱ्याची अवस्था हीच असते.

टपालाच्या संथपणाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तो कोणी आवडीने निवडलेला नव्हता, आणि उशिरा आलेले पत्रही पोकळ असू शकते. पण समोरचा मध्येच अडवणार नाही हे ठाऊक असले, की लिहिणारा एखाद्या पुस्तकाबद्दल मत मांडतो, स्वतःच त्यावर शंका घेतो, थोडे मागे येतो. चॅटमध्ये ती शंका समोरचा लगेच घेतो आणि विचार पुरा होण्याआधीच वाद सुरू होतो. निळ्या खुणा दिसल्या की उत्तराचा तगादा लागतो. भेटी टाळणारे जीए इतके मोकळे झाले, त्यात या अंतराचाही वाटा असणार.

‘पत्रे लिहा’ असा उपदेश मी करणार नाही. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून आलटून पालटून वाचा, आणि मधे एखादा दिवस जाऊ द्या.