‘किड्यांना पिवळा रंग आवडतो’ : एका निष्कर्षाची तपासणी

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग आम्हांला अधूनमधून येतो. काही वर्षांपूर्वी अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एका तालुका प्रदर्शनात मुळा-प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका शाळेने मांडलेला प्रकल्प आमच्या अजून लक्षात आहे. गावाजवळच्या जलाशयात पर्यटकांसाठी प्लास्टिकच्या छोट्या होड्या, म्हणजे कयाक, आणलेल्या होत्या. काही पिवळ्या, काही लाल, काही निळ्या. सातवीतल्या एका मुलीचे मामा तिथे होड्या धुण्या-पुसण्याचे काम करत. पिवळ्या होड्यांवर किड्यांचा नुसता सडा पडतो, अशी त्यांची तक्रार. हे खरे का, असा प्रश्न मुलीने वर्गात विचारला आणि त्यातून प्रकल्प उभा राहिला.

प्रकल्पाला आम्ही पहिला क्रमांक दिला. तो देण्यात चूक झाली असे आजही वाटत नाही. प्रश्न मुलांचा स्वतःचा होता, कोणत्याही पुस्तकातून उचललेला नव्हता. पण तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलेला निष्कर्ष आम्ही एकही शंका न काढता मान्य केला, ही चूक मात्र झाली. तो निष्कर्ष होता : ‘किड्यांना पिवळा रंग सर्वांत जास्त आवडतो.’ पुढची तपासणी मुलांच्या प्रकल्पाची आहे, तशीच आमच्या परीक्षणाचीही आहे.

मुलांनी काय केले?

थर्मोकोलच्या चार सारख्या होड्या करून त्यांना लाल, पिवळा, निळा आणि पांढरा तैलरंग दिला. त्यांवर एरंडेल तेलाचा हात फिरवला. काठालगतच्या पाण्यात एका ओळीत दोरीने बांधून त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवल्या. संध्याकाळी चिकटलेले किडे मोजले. हेच तीन दिवस केले. तिन्ही दिवस पिवळ्या होडीवर सर्वांत जास्त किडे सापडले, पांढरीवर त्याहून कमी, निळ्या आणि लाल होड्यांवर थोडे.

होड्यांचा आकार सारखा, तेल सारखे, वेळ सारखी. एवढी काळजी मोठ्यांच्या कामातही नेहमी दिसत नाही. मग अडते कुठे?

‘किडे’ म्हणजे कोणते?

पहिली अडचण शब्दाची आहे. तक्त्यात ‘किडे’ असा एकच रकाना होता. मावा, पांढरी माशी, चिलटे, डास, भुंगेरे, सगळे त्यात एकत्र. पण रंगाच्या बाबतीत या मंडळींचे एकमत नाही.

मावा आणि पांढरी माशी पिवळ्याकडे जातात हे पक्के आहे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ मोरिके यांनी १९५० च्या सुमारास पिवळ्या तबकांत पाणी भरून मावा पकडण्याची रीत रूढ केली. पिवळाच रंग का? हिरवे पान प्रकाशातला हिरवा भाग परतवते आणि निळा व अतिनील भाग बराचसा शोषून घेते. पिवळा रंगही तेच करतो, पण त्याच्याकडून परतणारा प्रकाश पानापेक्षा पुष्कळ जास्त असतो. माव्याच्या डोळ्याला पिवळा पत्रा हे बहुधा ‘पानाहूनही जास्त पान’ वाटत असावे, असे स्पष्टीकरण प्रोकोपी आणि ओवेन्स यांनी १९८३ साली मांडले. तेव्हा इथे आवड पिवळ्याची नाही. शोध पानाचा आहे आणि पिवळ्याने त्यात फसवणूक होते.

फुलकिड्यांची गोष्ट निराळी. ते अनेकदा निळ्याकडे वळतात, काही अभ्यासांत पांढऱ्याकडेही. मधमाशी अतिनील, निळा आणि हिरवा पाहते. लाल तिला जवळजवळ काळ्यासारखाच दिसतो. डासाला तर रंगाआधी वास लागतो. एडिस इजिप्ती या डासावरचे प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाले. कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे आपल्या उच्छ्वासातल्या वायूचा, गंध नसताना डासांनी रंगीत ठिपक्यांची विशेष दखल घेतली नाही. तो गंध मिळताच ते लाल, नारिंगी, काळ्या आणि आकाशी ठिपक्यांकडे वळले. हिरव्या, जांभळ्या आणि पांढऱ्याकडे नाही. रिकाम्या होडीवर जे दिसेल ते माणूस बसलेल्या होडीवर दिसेलच असे नाही, हे यावरून लक्षात यावे.

मुलांच्या होड्या काठालगत होत्या आणि काठाला शेते होती. पिकावरून वाऱ्याने उडालेला मावा पिवळ्या होडीवर उतरला असेल, तर निष्कर्ष एवढाच निघतो : ‘शेताजवळच्या पाण्यात पिवळ्या होडीवर बारीक किडे जास्त चिकटले.’ वाक्य छोटे झाले, पण खरे झाले.

रंग की उजळपणा?

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पिवळा रंग निळ्या-लालपेक्षा उजळही असतो. किडे पिवळेपणाकडे आले की उजळपणाकडे? चार होड्यांवरून हे सांगता येत नाही. पांढऱ्या होडीचा दुसरा क्रमांक तर ही शंका वाढवतोच.

याच प्रश्नावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा वाद झाला होता. मधमाश्या रंगांध आहेत, त्यांना फक्त उजळ-गडद कळते, असे फॉन हेस हे नामांकित नेत्रतज्ज्ञ म्हणत. तरुण कार्ल फॉन फ्रिश यांना ते पटेना. रंगांध माश्यांसाठी फुलांनी रंग धारण करावेत कशाला? त्यांनी निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून माश्यांना तिथे येण्याची सवय लावली. मग तो निळा कागद करड्या रंगाच्या अनेक छटांच्या कागदांमध्ये ठेवला, अगदी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. साखरपाणी काढून घेतले तरी माश्या निळ्यावरच आल्या. निळा नुसता उजळपणाने ओळखला जात असता, तर तेवढ्याच उजळ करड्या कागदाशी त्याची गल्लत झाली असती. लाल कागदाच्या बाबतीत तशी गल्लत झालीच : माश्या त्यात आणि गडद करड्यात फरक करू शकल्या नाहीत. हे काम १९१४ साली प्रसिद्ध झाले. कीटकांच्या वर्तनावरील पुढच्या कामासह फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या प्रयोगाला लागले काय? रंगीत कागद, साखर आणि वेळ. आपल्या शाळेत यातले काय नाही? नसते ते एकच : ‘आपला निष्कर्ष चुकीचा असेल तर तो कशाने उघडा पडेल?’ हा प्रश्न आधी विचारण्याची सवय. करडे कागद हे त्या सवयीचे फळ होते.

आणखी एक गोष्ट मुलांच्याही आणि आमच्याही नजरेतून सुटली. होड्यांची ओळ तिन्ही दिवस तीच होती. पिवळी होडी एका टोकाला, झुडपांच्या बाजूला. तिन्ही दिवस एकच उत्तर आले याचे श्रेय रंगाला द्यायचे की जागेला?

वहीतली खोडलेली नोंद

बक्षीस जाहीर झाल्यावर मुलीने वही सहीसाठी पुढे केली. सही करता करता आम्ही पाने चाळली. दुसऱ्या दिवसाच्या नोंदीत पेन्सिलने खोडलेली एक ओळ होती : ‘सायंकाळी साडेसहा. लाल होडीवर मोठे किडे येऊन आपटले. परत आले. चिकटले नाहीत.’

“हे का खोडलंस?” आम्ही विचारले.

“चिकटलेलेच मोजायचे असं ठरलं होतं. तक्त्यात बसत नव्हतं ते.”

आम्ही मान डोलावली, सही केली आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. सगळ्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची ओळ तीच असू शकते, हे आमच्या ध्यानात बऱ्याच उशिरा आले.

गुळगुळीत पृष्ठभागावरून तिरपा परतणारा प्रकाश ध्रुवीभूत होतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत होऊ लागतात. तळ्याच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशात ही दिशा आडवी असते. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. पाण्यात राहणाऱ्या किंवा पाण्यात अंडी घालणाऱ्या अनेक कीटकांना तो जाणवतो आणि उडता उडता पाणी ओळखण्याची त्यांची खूण तीच असते. आता एखादा गडद, चकचकीत आडवा पृष्ठभाग घ्या. त्याच्या आतल्या थरातून विखरून येणारा प्रकाश थोडा, त्यामुळे वरच्या तुळतुळीत थरावरून परतलेल्या ध्रुवीभूत प्रकाशाचा वाटा मोठा. पांढऱ्या-पिवळ्या पृष्ठभागातून विखुरलेला प्रकाश भरपूर येतो आणि ही खूण पुसट होते.

हंगेरीतील क्रिस्का, होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की, मेफ्लाय हे नाजूक जलकीटक संध्याकाळी ओढा सोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर अंडी घालतात. २००६ साली त्यांनीच लाल आणि काळ्या मोटारींकडे जलकीटक का येतात याचा उलगडा केला. या कीटकांना लाल दिसत नाही, तो गडदच भासतो. लाल-काळ्या मोटारींचे टप त्यांना पाणी वाटतात. पांढऱ्या-पिवळ्या मोटारींचे वाटत नाहीत. दफनभूमीतल्या चकाकत्या काळ्या थडग्यांवर चतुर घिरट्या घालतात, त्याचेही कारण हेच निघाले. ही नुसती गंमत नव्हे. रस्त्यावर घातलेली अंडी वाळून जातात. एक पिढी वाया जाते.

मुलीच्या लाल होडीवर हेच घडले असे एका ओळीवरून म्हणता येणार नाही. पण वेळ संध्याकाळची, रंग गडद, तेलाने आलेली चकाकी आणि पुन्हा पुन्हा येऊन आपटणारे मोठे किडे, हे सगळे या उलगड्याशी जुळते. तसे असेल तर ‘सर्वांत कमी किडे’ म्हणून तक्त्यात तळाला गेलेली होडीच काही किड्यांना सर्वांत जास्त ओढत होती. एरंडेल तेलाने फक्त दुबळ्यांना धरले. बळकट होते ते निसटले आणि मोजणीतूनही निसटले.

निष्कर्ष घरी जातो तेव्हा

एवढ्याशा शालेय प्रकल्पाची इतकी चिरफाड कशाला, असे कुणी म्हणेल. प्रदर्शनातला निष्कर्ष प्रदर्शनात राहत नाही, तो घरी जातो, हे त्याचे कारण. १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात राहुरीला आहे आणि पिवळे-निळे चिकट सापळे इथल्या शेतकऱ्याला नवे नाहीत. घरच्या कांद्यावर फुलकिडे आहेत आणि मुलीला पहिला क्रमांक मिळवून देणारा तक्ता सांगतो, ‘किड्यांना पिवळा आवडतो.’ बापाने पिवळेच सापळे आणून लावले आणि फुलकिड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी निळे हवे होते, तर? शिवाय पिवळ्यावर शत्रूबरोबर मित्रही अडकतात. मावा खाणारे ढालकिडे, पिकाला उपकारक असलेल्या बारीक गांधीलमाश्या. उघड्या शेतात सापळ्याचा मुख्य उपयोग कीड केव्हा आली, किती वाढली हे कळण्यासाठी असतो. सापळा भरला म्हणजे पीक वाचले असे नव्हे. कोणता किडा, कोणत्या पिकावर, कशासाठी, हे ‘किडे’ या एका शब्दात बुडून जाते.

पुन्हा करायचे तर

हा प्रकल्प टाकून देण्यासारखा मुळीच नाही. पुन्हा करण्यासारखा आहे. चार होड्या, चार जागा आणि चार दिवस घ्यावेत. रोज होड्यांच्या जागा अशा बदलाव्यात की प्रत्येक रंग प्रत्येक जागी एकदा येईल. रंगीत होड्यांबरोबर काळा-पांढरा रंग मिसळून केलेल्या करड्या छटांच्या तीन-चार होड्या ठेवाव्यात. किडे मोजताना निदान गट पाडावेत : मावा व पांढरी माशी, फुलकिडे, डास-चिलटे, भुंगेरे, इतर. नावे न आली तरी चित्रे काढता येतात. एक होडी चकचकीत गडद आणि एक त्याच रंगाची पण पॉलिश कागदाने घासून निस्तेज केलेली असावी; या जोडीला तेल लावू नये, नाहीतर दोन्ही चकाकतील. संध्याकाळी अर्धा तास काठावर बसून केवळ येणारे-जाणारे किडे मोजावेत. पाण्याजवळ मुलांसोबत मोठे माणूस हवेच.

बिघडलेल्या गणकयंत्राच्या पडद्यावरची ध्रुवक फिल्म सोडवून घेतली, तर तीतून पाण्याकडे तिरपे पाहत ती हळूहळू फिरवावी. पाण्यावरची चकाकी कमी-जास्त होताना दिसते. मग काळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या चकचकीत पत्र्यांकडे तसेच पाहावे. किड्याला काय दिसते याचा थोडा अंदाज मुलांना येईल.

आणि नोंदवहीतले काहीही खोडू नये. तक्त्यात न बसणाऱ्या गोष्टींसाठी वहीच्या मागे दोन पाने राखून ठेवावीत. परीक्षकांनीही आधी ती पाने मागावीत. आम्ही आता मागतो.

राहिला मामांचा प्रश्न. पिवळ्या होडीवर बारीक किडे जास्त बसतात ही त्यांची तक्रार बहुधा खरी होती आणि शेताच्या बाजूने वारा असताना ती अधिक खरी असणार. पण होड्या लाल करून घ्या असा सल्ला त्यांना कुणी दिला, तर संध्याकाळी लाल होडीवर काय येते ते त्यांनी आधी भाचीला विचारावे.