काल, परवा आणि १७ सप्टेंबर

दरवर्षी १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी अंगणवाड्या-बालवाड्यांतून तयारी सुरू होते. कागदी झेंडे रंगवायचे, कुणाला भगवी वस्त्रे नेसवून स्वामी रामानंद तीर्थ करायचे, कुणाच्या हाती खोटी बंदूक द्यायची. अशाच एका कार्यक्रमात चार वर्षांच्या ‘स्वामीजीं’ना मी विचारले, “हे स्वामीजी केव्हा होऊन गेले?” उत्तर आले, “काल!” सगळे हसले. पण मुलाचे काही चुकले नव्हते. काल त्याची रंगीत तालीम झाली होती.

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. काळाची जाण हळूहळू घडत जाते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९४६ साली या विषयावर एक पुस्तकच लिहिले. लहान मुले वय उंचीवरून ठरवतात, उंच झाड ते जास्त वयाचे मानतात, असे त्यांना आढळले. आपल्या भाषेत तर ‘मोठा’ हा एकच शब्द आकारालाही चालतो आणि वयालाही. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. अशा मुलापुढे ‘१९४८’ हा आकडा ठेवून काय साधणार? त्याला पाऊणशे वर्षे आणि सातशे वर्षे सारखीच.

मग बालवाडीत इतिहास नकोच का? तसे नाही. आंघोळ, जेवण, झोप अशा रोजच्या घटनांचा क्रम याच वयाची मुले बरोबर लावतात, हे नंतरच्या संशोधनातून दिसले. अडचण मुलांच्या बुद्धीत नाही, आपण त्यांच्या हाती देतो त्या फूटपट्टीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मधले हे तेरा महिने समजून घेताना आठवीच्या विद्यार्थ्यालाही विचार करावा लागतो. बालवाडीत त्यातले उरते काय? १५ ऑगस्टला रंगवलेला तोच झेंडा आणि एक ‘वाईट माणूस’. टोपी-दाढी लावून ‘रझाकार’ झालेल्या मुलाला बाकीची मुले खेळ संपल्यावरही ढकलत होती, हे मी पाहिले आहे. अशी टोपी घालणारे वाईट, एवढेच ती शिकली. तशीच टोपी शेजारी बसणाऱ्या मित्राच्या वडिलांच्या डोक्यावर असते. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, ही हकिगत त्या नाटुकल्यात मावत नाही. प्रयोगातली निम्मी निरीक्षणे गाळून काढलेला निष्कर्ष आपण विज्ञानात मान्य करीत नाही. मग इथे का करावा?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला बालवाडी चालवली ती परिसरातल्या वस्तूंच्या आधारे. तोच मार्ग इथेही धरता येईल. मुलाचे तान्हेपणीचे झबले, आताचा सदरा आणि वडिलांचा सदरा मागवा. आधी कोणते, नंतर कोणते, ते मुलांनाच लावू द्या. कुणाच्या घरी जुन्या पेटीत निजामी राजवटीतले चारमिनारचे हाली नाणे असेल, तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, चारमिनार उमटेल. शेजारी आजच्या नाण्याचा ठसा घ्या आणि दोन्हींत काय वेगळे दिसते ते विचारा. (नाणी मुलांच्या तोंडात जाणार नाहीत याकडे मात्र लक्ष हवे.)

आणि १७ सप्टेंबरला गावातल्या एखाद्या वृद्ध आजींना बोलवा. लढाईच्या गोष्टी नकोत. तुम्ही एवढ्या होतात तेव्हा काय खेळत होतात, दिवा कसला होता, एवढेच मुलांना विचारू द्या. ही आजी कधीकाळी आपल्याएवढी होती, हे मुलाला पटणे हाच इतिहासाचा पहिला पाठ.

१९४८ साली दहा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीकडे झुकल्या आहेत. झेंडे पुढच्या वर्षीही रंगवता येतील. आजींना मात्र याच वर्षी बोलवावे.